डोंगरातली घोडेस्वारी: निम्मं काम जमिनीवर

निर्जन डोंगरातून मुक्काम करत घोड्यावरून जायचं, तर प्रत्यक्ष घोड्यावर बसणं दिवसाचे जेमतेम पाच-सहा तास. उरलेला वेळ घोड्याची उठबस करण्यात जातो. सकाळी आधी खरारा. पाठीवरची माती, काडीकचरा, सुकलेला घाम निघाल्याशिवाय खोगीर चढवायचं नाही. खाली अडकलेला बारीक खडासुद्धा संध्याकाळपर्यंत कातडी सोलतो. मग चारही खूर उचलून साफ करायचे. मग तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा.

"आवळलात? आता दहा पावलं चालवा आणि परत बघा," वाटाड्या म्हणाला. बघितलं तर तंग चांगलाच ढिला. काही घोडे तंग आवळताना अंग फुगवून उभे राहतात आणि चालायला लागले की सैल सोडतात. माझा घोडा त्यात पटाईत होता.

सामानाच्या घोड्याचं काम याहून किचकट. ढोबळ हिशेब असा, की एकूण भार घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवा. ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो, तेही खोगीर धरून. दोन्ही अंगांचे बोजे तोलून सारखे करायचे, नाहीतर खोगीर हळूहळू जड बाजूला सरकतं. औषधं, काडेपेटी आणि सॅटेलाइट फोन मात्र आपल्याच अंगावर ठेवायचे. घोडा बुजून पळाला तर खोगिराच्या पिशव्याही त्याच्याबरोबर जातात.

बर्फाच्या पाण्याच्या नद्या आम्ही सकाळीच ओलांडायचो. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी चढतं. नजर पलीकडच्या काठावर, पाय रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, चवड्यापुरतेच, म्हणजे पडलो तरी अडकणार नाही. खाली पाण्याकडे बघितलं की आपणच आडवे वाहतोय असं वाटतं आणि अंग कलतं. मधोमध माझा घोडा थांबला, मान खाली घालून एकेक पाऊल चाचपत निघाला. मी लगाम सैल सोडून गप्प बसून राहिले. एवढंच माझं काम होतं!

रात्री घोडे चरायला सोडायचे. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, त्यामुळे तो थोडंथोडं पण दिवसरात्र खात राहतो. एकदाच भरपूर चंदी, म्हणजे दाणा, घालून भागत नाही. उलट त्याला उलटी करता येत नसल्याने पोटशूळ जिवावर बेतू शकतो. पुढचे पाय सैलसर बांधायचे, कळपाची म्होरकी घोडी खुंट्याला ठेवायची. मग बाकीचे फार लांब जात नाहीत. तरी सकाळची शोधाशोध चुकत नाही.

संध्याकाळी खोगीर उतरलं की वाटाड्या आधी पाठ बघायचा. घाम सगळीकडे सारखा हवा. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग असेल तर तिथे खोगीर रुततंय. एका घोडीच्या खांद्यामागे तसा डाग दिसला आणि सकाळी तिथे सूज आली.

"आता ही रिकामी चालेल. तुम्ही आळीपाळीने पायी या."

म्हणजे वरची खिंड रद्द. सगळ्यांचे चेहरे उतरले, माझाही. एकाने गादी जाड करून बघू असं सुचवलं. वाटाड्याने ऐकून घेतलं आणि घोडीचं खोगीर दुसऱ्या घोड्यावर बांधून टाकलं. सुजल्या पाठीवर वजन टाकलं तर तिथे जखम होते आणि ती भरायला आठवडे लागतात. जादा घोडाही नव्हता.

तेव्हापासून अशा सहलीबद्दल कुणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारायला सांगते: सोबत एक तरी मोकळा घोडा असणार का, आणि पाठ दुखावली तर वाट कोण बदलणार. शिवाय बूट टाचेचे घ्या, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. पण असे घ्या की त्यांत दिवसभर चालताही येईल.