झाडातला झ

मागच्या महिन्यात एका निवृत्त प्राध्यापकांचं काम आलं. झाडांवर ते 2006 पासून लिहितात, चारशेच्या वर लेख झालेत. स्वतःच्या नावाची साइट, तिच्यावर फार जुनं वर्डप्रेस, म्हणजे लेख लिहून साइटवर टाकायचं सॉफ्टवेअर. "हेच नवीन करून घेऊ, घोस्ट घेऊ की ह्यूगो? एवढंच सांगा," म्हणाले. घोस्ट हे वर्डप्रेससारखंच सॉफ्टवेअर, ह्यूगो साध्या फायलींतून साइट बनवणारं. तासाभराचं काम समजून मी सकाळी बसले. उठले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि अजूनही ते लेख डोक्यातून जात नाहीत.

कुणी असं विचारलं की मी आधी लेख बाहेर कसे निघतात ते बघते. लोक थीम बघून ठरवतात, आणि आमच्या धंद्यातलेही बरेच जण थीम दाखवूनच काम मिळवतात, याचा मला मनापासून राग येतो. वर्डप्रेसच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये लेख आणि कॉमेंट येतात, पण फोटोंचे फक्त पत्ते येतात. जुनी साइट बंद केली की फोटो गेले. घोस्टच्या फाइलमध्येही फोटो नसतात. ह्यूगोत एक्स्पोर्ट करायचा प्रश्नच येत नाही, कारण लेख मुळातच साध्या मजकुराच्या फायली असतात. त्यात मराठी शीर्षकांची वेगळी अडचण. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यासाठी दोनशे चिन्हांची जागा देतं आणि देवनागरीचं एकेक अक्षर किंवा मात्रा तिथे नऊ चिन्हं खाते. बाविसाव्यानंतर पत्ता तुटतो. दुसरीकडे जाताना तो तसाच तुटका जपावा लागतो, नाहीतर जुन्या लिंका मरतात.

सरांची फाइल उघडली. 2015 नंतरचे लेख स्वच्छ. त्याआधीच्या लेखांत मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा खच. हे नेहमीचं दुखणं आहे. वर्डप्रेसचे लेख मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये राहतात. त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर पूर्वी टेबल लॅटिन-1 चं, म्हणजे फक्त रोमन चिन्हांच्या तक्त्याचं बनायचं. हे बदललं 2018 मध्ये, 8.0 आवृत्तीत. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरांचा तक्ता, सांगायची सोय आली 2007 मध्ये. सरांची साइट त्याआधीची. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या आजच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, आणि टेबल त्यांना तीन सुटी रोमन चिन्हं समजतं. ठेवताना आणि काढताना चूक एकच असल्यामुळे साइटवर सगळं बरोबर दिसत राहतं. ते उलटं फिरवायचा दोन ओळींचा कोड माझ्याकडे तयारच असतो. चालवला. मजकूर परत आला, पण 'झाड' हा शब्द कुठेच नव्हता. झाडांवरच्या लेखांत! प्रत्येक ठिकाणी आधी प्रश्नचिन्ह, मग एकटा काना, मग ड.

थोडं शोधल्यावर कळलं. 2015 मध्ये सर्व्हर बदलताना कुणीतरी हा मजकूर विंडोज-1252 च्या, म्हणजे लॅटिन-1 सारख्याच दुसऱ्या एका तक्त्यातून काढला होता. त्या तक्त्यात पाच बाइटचे खाने रिकामे आहेत, षोडशमान क्रमांकांत सांगायचं तर: 81, 8डी, 8एफ, 90 आणि 9डी. आता मराठीकडे बघा. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट 81. पाय मोडण्याच्या खुणेचा 8डी. 'ए'चा 8एफ, 'ऐ'चा 90, 'झ'चा 9डी. नेमके हेच गेले. म्हणजे नऊ वर्षांच्या लेखनातलं प्रत्येक जोडाक्षर आणि प्रत्येक ऱ्हस्व उकार. ज्याने हे केलं त्याने एक लेख, फक्त एक लेख उघडून वाचला असता तर तेव्हाच कळलं असतं. भाषा येत नव्हती तर सरांना विचारायचं होतं.

आधीचे दोन बाइट शाबूत होते, म्हणून प्रश्नचिन्हांचे दोन गट पाडता आले. एका गटात मुख्यतः ए, ऐ किंवा झ. पुढे काना-मात्रा असेल तर तो झच, कारण स्वराला मात्रा लागत नाही. सगळी झाडं तिथेच परत आली. दुसऱ्या गटात उकार किंवा मोडका पाय. 'प?ष?प' बघा. पहिलं चिन्ह उकार, दुसरं मोडका पाय. माणसाला एका नजरेत कळतं, कोडला कोण सांगणार? मग सरांच्याच 2015 नंतरच्या लेखांतून शब्दांची यादी काढली आणि तिच्याशी जुळवत गेले. त्यांचा शब्द त्यांच्याच शब्दांवरून ओळखायचा. हे मला जमलं याचा अभिमान आहे.

उरलेली तीनेकशे ठिकाणं डोळ्यांनी पाहिली. 'एका' की 'ऐका', ते वाक्यावरून कळतं. एक जागा मात्र अडली: "या म्हाताऱ्या झाडाच्या प?राणाशी आपण जोडलेले आहोत." पुराण की प्राण? एरवी लिंगावरून सुटलं असतं. इथे 'झाडाच्या' दोघांनाही चालतं.

सरांना फोन केला. वाक्य वाचून दाखवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते झाड आठवतंय. शब्द नाही आठवत."

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर वर्डप्रेसच ठेवलं, नवीन करून. ह्यूगोला लेख साध्या फायलीत राहिले असते, पण सर झाडाखाली उभं राहून फोनवर लिहितात, आणि कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करणं, त्यांच्या गळ्यात मारणं बरोबर नाही. त्याऐवजी रोज रात्री सगळे लेख साध्या फायलींत आणि फोटो शेजारच्या फोल्डरमध्ये उतरतील अशी सोय केली. फोल्डर त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. आठवड्यातून एकदा त्यातली कुठलीही एक फाइल उघडून वाचायची, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. मी नसताना ते वाचतील का, ही काळजी आहेच.

त्या ओळीत मी सध्या 'प्राण' ठेवलंय. काल पुन्हा लेख उघडला. 'पुराण'ही तितकंच बसतं.