आत्याची काळी चार

सोलापूरच्या पूर्व भागात शांतता हवी असेल, तर यंत्रमागांच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघावी लागते. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला मी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी, घेतला, पण माइकने आधी पकडली ती शेजारच्या कारखान्यातली खटखट. त्यामुळे दुपारचा अर्धा तास एवढीच आमची वेळ.

हेडफोन लावून आत्याने एक ओळ म्हटली आणि थांबली. "अरे, माझ्यामागून कोण म्हणतंय?"

तिचाच आवाज तिला उशिरा ऐकू येत होता. माइकमधून येणाऱ्या विजेच्या चढउताराचं माप इंटरफेस सेकंदाला ४४,१०० वेळा घेतो. हे आकडे कॉम्प्युटरकडे एकेक करून जात नाहीत, गठ्ठ्याने जातात. हा गठ्ठा म्हणजे बफर. माझा होता १०२४ आकड्यांचा. तो भरायलाच २३ मिलिसेकंद, परत येताना पुन्हा जवळपास तेवढेच. १२८ वर आणला तर उशीर गेला, पण जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला आणि ओवीत फुटाणे फुटल्यासारखी तडतड. शेवटी डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं. त्याने माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. बटण पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होतं, हे आत्याला सांगितलं नाही.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, मात्र वेळीच कमी केला. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबलच्या वर आकडाच नसतो. आवाज तिथे सपाट कापला जातो आणि मग काही केल्या सुधारत नाही. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक माप लिहायला १ कोटी ६७ लाखांवर पायऱ्या असतात, त्यामुळे थोडं कमी आवाजात रेकॉर्ड केलं तरी बिघडत नाही.

खरा घोळ रात्री झाला. आत्या काळी चारमध्ये म्हणते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा. मी ओवीमागे पेटी वाजवून भरायला बसलो, तर काळी चार जुळेना. पांढरी सहा कमी पडते, काळी पाच जास्त होते. तासभर पेटीलाच दोष दिला. मित्राला ऐकवलं तर तो म्हणाला, "काय बे, आत्याला एसटी पकडायची होती का?"

तेव्हा वेळ बघितली. चार मिनिटांची फाइल ३ मिनिटं ४० सेकंदांत संपत होती! रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० मापांचं, पेटीसाठी सॉफ्टवेअरमध्ये उघडलेला नवा प्रोजेक्ट ४८,००० चा. फाइल आत घेताना सॉफ्टवेअरने रूपांतर करू का विचारलं होतं, आणि मी घाईत 'नको' दाबलं होतं. आकडे तेच, फक्त सेकंदाला जास्त वाजत होते. म्हणून सूर जवळपास दीड पट्टी वर चढलेला.

रूपांतर करून दोन्ही फाइल आत्याला ऐकवल्या. दुसरी ऐकून तिने मान डोलावली. मग म्हणाली, "पण पहिली पुसू नकोस. त्यात मी तरणी वाटते."