बाबांचं वर्कबेंच आवरण्याआधी

घरच्यांवर जीव टाकणारा आणि यंत्रांचा नाद असलेला माणूस गेला, की मागे एक भरलेलं वर्कबेंच उरतं. मग घरातलं कुणीतरी ते खोक्यांत भरायला घेतं. कळकळीने सांगावंसं वाटतं, की आधी ते नीट बघून घ्या. आपल्यासाठी ते काय काय करत होते, हे तिथे जितकं कळतं तितकं फोटोंच्या अल्बममध्ये कळत नाही.

हात लावण्याआधी प्रत्येक खणाचा, फळीचा, भिंतीवर टांगलेल्या हत्यारांचा फोटो काढा. १५ मिलिमीटरचा पाना आणि टायर लिव्हर (रिमवरून टायर उचकटायची पट्टी) हाताशी असतील, तर मुलांच्या सायकलींची चाकं तेच काढत असणार. डब्यांत चष्म्याचे बारीक स्क्रू, शिलाई मशीनची बॉबिन केस, कपाटाचं बिजागर, खेळण्यातल्या मोटारीचं गिअर असं काहीबाही सापडेल. भंगार समजून टाकू नका. त्यातली बरीच वस्तू याच घरातल्या कशाची तरी असते.

अर्धवट उघडलेलं यंत्र असेल तर त्याचे भाग ज्या ट्रेमध्ये आहेत त्यातच राहू द्या. विशेषतः शिम, म्हणजे भागांमधली फट भरायच्या पातळ चकत्या. दिसायला सारख्या, पण जाडीत फरक असतो आणि अदलाबदल झाली की बेअरिंग एकतर खेळतं किंवा आवळतं. भागांवरच्या पेन्सिलच्या खुणा पुसू नका, कुठला दात कुठल्या दातासमोर बसतो हे त्या खुणा सांगतात. वही मिळाली तर पानं स्कॅन करा. स्पार्क प्लगची गॅप, टॅपेटचं (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं) क्लिअरन्स म्हणजे सोडायची फट, ऑइल कधी बदललं हे सगळं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

मोजमापाच्या हत्यारांना पॉलिश पेपर लावू नका. व्हर्निअरचे (सरकत्या जबड्यांच्या मापपट्टीचे) जबडे घासले की माप गेलंच. मऊ कापड आणि पातळ तेल पुरतं. मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून बारीक जाडी मोजायचं हत्यार) ठेवताना त्याची तोंडं चिकटवू नयेत, किंचित फट ठेवावी.

आता भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. चावी देणारा माणूस गेला की आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ साधारण आठवड्याभरात थांबतं आणि घरच्यांना वाटतं, तेही गेलं. बहुतेक वेळा त्याला काहीही झालेलं नसतं. चावी हाताला घट्ट लागेपर्यंत द्या. जास्त चावी दिल्याने बिघडलं असं लोक म्हणतात, खरं कारण सहसा आत सुकून चिकट झालेलं तेल असतं. टोल्यांच्या घड्याळाला दोन भोकं असतात, साधारणपणे उजवं वेळेचं, डावं टोल्यांचं. चावी देऊनही दोन-चार मिनिटांत थांबत असेल तर कान लावून ऐका. टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं हवं. लंगडत असेल तर पेटीचा खालचा भाग जरासा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा आणि ठोका समान झाला की तिथेच पक्का करा. मागे पडत असेल तर लंबकाचा गोळा नटाने वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. पोलादी दांडीचा लंबक १० अंश उष्णता वाढली की दिवसाला साधारण ५ सेकंद मागे पडतो, तेव्हा रोज नट फिरवत बसू नका. काटे उलटे फिरवू नका. पुढे नेताना प्रत्येक तासाला थांबून टोले पूर्ण पडू द्या. तेल फक्त पिव्हटला, म्हणजे चाकांच्या आसांची टोकं प्लेटमध्ये फिरतात तिथे, सुईच्या टोकावर मावेल एवढंच, आणि तेही घड्याळाचंच. चाकांच्या दात्यांना लावलं तर धूळ धरते आणि ती धूळ पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, खाते. आतल्या प्लेट्स मात्र स्वतः उघडू नका. ताणलेली मुख्य स्प्रिंग सुटली तर बोटं फाटतात.

बंद पडलेल्या मोटारसायकलला पहिल्याच दिवशी किक मारू नका. प्लग काढून भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा. अडलं तर जोर न लावता पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेले भाग सोडवणारं पातळ तेल) घालून आणखी थांबा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याचा डिंकासारखा थर कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये (कमी वेगात पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीत) बसतो, आणि इंजिन चोक दिल्यावरच चालतं ते बहुधा त्यामुळे. जेटमध्ये तार खुपसू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब, एवढ्यावर काम होतं.

जुन्या ब्रेकची धूळ फुंकू नका, तिच्यात फुफ्फुसांना घातक ॲसबेस्टॉस असू शकतं. ग्राइंडरचं दगडी चाक काढून बोटावर लटकवा आणि लाकडी मुठीने हलकंच ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर फेकून द्या. लेबल नसलेल्या बाटल्या हुंगू नका, गटारात ओतू नका.

काही हत्यारं कुणाला द्यायचीच असतील, तर जो ती वापरेल त्याला द्या, पण संच फोडू नका. एम ६ चे (६ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोकात आटे पाडायचे) तिन्ही टॅप आणि त्यांच्या भोकासाठीचं ५ मिलिमीटरचं ड्रिल एकत्र ठेवा. लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र) जाणार असेल तर त्याच्या तीन जबड्यांच्या चकचे, म्हणजे वस्तू पकडणाऱ्या भागाचे, आतले-बाहेरचे दोन्ही संच त्याच्यासोबत जाऊ द्या. जबड्यांवर १, २, ३ आकडे असतात आणि दुसऱ्या चकचे जबडे त्यात बसवले तर पकडलेली वस्तू मध्यावर येत नाही.