रात्रभर न थांबलेलं समीकरण

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावातूनच मी कंपनीचं काम करतो. आमचं टूल जुना कोड वाचतं आणि नियमांप्रमाणे नव्या रूपात लिहितं. दोन नियम एकमेकांच्या आड येतात का, हे तपासायचा भाग माझ्याकडे होता. डिसेंबरात, कापसाचा वेचा चालू असताना, एक चाचणी लावून मी झोपलो. सकाळी सहाला पाहतो तर लॅपटॉपचा पंखा अजून घरघरत होता.

तेवढ्यात लाईन गेली. बॅटरी ६२ टक्के. दोन नियम ताडताना जे समीकरण अडकलं होतं, ते मी छापायला लावलं:

फ(क(अ)) = क(फ(अ))

क आणि अ ठरलेले, फ हे अज्ञात फंक्शन; त्याला जे काही द्यायचं ते य. स्क्रीनवर उत्तरं उतरत होती: फ(य) = य, मग क(य), क(क(य)), क(क(क(य)))... प्रत्येक उत्तर बरोबर, आणि ओळ दरवेळी एका क ने लांब. आई वावरात निघताना दारात थांबली. "कवा सरन हे?" मला उत्तर देता आलं नाही.

नुसती अनंत उत्तरं असती तर भागलं असतं. ती एका सूत्रात मांडता येतात. पण क किती वेळा आला ही एक संख्याच झाली. वॉरन गोल्डफार्ब या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये नेमकी ही वाट धरली: अशा समीकरणांत त्याने संख्या बसवल्या, त्यांची बेरीज आणि गुणाकार बसवला, आणि हिल्बर्टचा दहावा प्रश्न, म्हणजे दिलेल्या बहुपदी समीकरणाला पूर्णांकात उत्तर आहे का हे ठरवायची रीत, त्यांत उतरवला. तो प्रश्न कुठल्याच रीतीने सुटत नाही हे रशियन गणिती मातियासेविचने १९७० मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणजे दोन्ही बाजूंना अज्ञात फंक्शनं असली, तर उत्तर आहे की नाही हे दरवेळी सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही. माझ्या कोडमध्ये मी चूक शोधत होतो, आणि चूक तिथे नव्हतीच.

पुण्याहून टीम लीडचा फोन आला. "किती दिवस देऊ तुला?"

"सर, कितीही दिवस दिले तरी सगळ्या नियमांसाठी हे होणार नाही. हे सिद्ध झालेलं आहे."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काय होईल ते सांग."

होण्यासारखं होतं. ग्राहकाचा जुना कोड तर पूर्ण माहीत असतो. नियम नियमाशी न ताडता त्या कोडशी ताडला, तर अज्ञात एकाच बाजूला उरतं. फ(ब) = ग(ब, ब) घ्या, ग आणि ब ठरलेले. उजवीकडचा प्रत्येक ब एकतर य मधून आला किंवा आधीपासून तिथेच होता: ग(य, य), ग(य, ब), ग(ब, य), ग(ब, ब). चार उत्तरं, संपलं. अशा एकाच बाजूला अज्ञात फंक्शन असलेल्या ताडणीला दुसऱ्या क्रमाचं मॅचिंग म्हणतात; ते नेहमी थांबतं, हे फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ जेरार उएने सत्तरच्या दशकातच दाखवलं. मात्र ते एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे थांबेल पण कधी फार उशिरा.

दुपारी लाईन आली. दोन नियमांची ताडणी मी काढून टाकली, कोडशी ताडणी बसवली. चाचण्या चाळीस सेकंदांत संपल्या, एक सोडून. तिच्यात एकच नाव १९ वेळा आलं होतं, दर वेळी दोन पर्याय, म्हणजे ५,२४,२८८ शक्यता. तिच्यावर मी अजून बसलोय.