उमेदवाराला तेलाचं काय विचारायचं?

"मुनीमजी, मत द्यायचं तर द्या, नाहीतर नका देऊ. त्या बिचाऱ्याची परीक्षा कामून घेता?" हे मला निवडणूक आली की ऐकावं लागतं, आणि निवडणूक नसली तर लग्नाच्या पंगतीत. लोकसभेचा उमेदवार दारात आला की मी खिशातली वही काढतो, याची गल्लीत चेष्टा आहे. बाकीचे सभामंडप मागतात, हायमास्ट मागतात. मागू देत. खासदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, तो खर्चायचाच आहे. मी विचारतो खाद्यतेलाच्या आयात शुल्काचं. हे खूळ कुठलं, ते सांगतो.

लातूरच्या मार्केट यार्डात 31 वर्षं आडत दुकानावर मुनीमकी केली. सकाळी पोटलीचा भाव, म्हणजे दिवसाचा पहिला भाव निघणार, मग सौदे, मग पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाची पावती. भाव पडला की शिव्या खायला आम्हीच समोर: आडत्या, खरेदीदार, कधी कधी तर काटा धरणारा तोलारसुद्धा. शेतकऱ्याला वाटायचं भाव इथंच ठरतो. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला 10 हजारांच्या वर गेलं. इतक्या वर्षांत असला आकडा मी पट्टीवर लिहिला नव्हता. लिहिताना एक शून्य जास्त पडलं की काय म्हणून पुन्हा बघायचो. पण तेव्हा माल होता कुणाकडं? थोड्यांकडंच. त्याच ऑगस्टमध्ये केंद्रानं 12 लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या वाणाची सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, कारण कोंबडीखाद्य महागलं होतं. सप्टेंबरात नवा माल यायला लागला आणि भाव घसरत गेला. सगळं खापर पेंडीवर फोडणार नाही, नव्या मालानं भाव उतरतोच. पण गंमत बघा, जीएम सोयाबीन आपल्या रानात पेरायला बंदी आणि त्याचीच पेंड बोटीतून यायला मुभा. डिसेंबरात सोयाबीनसकट सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद झाले. त्या वर्षी मी वही घेतली.

तेलाचंही तसंच. सोयाबीनचं तेल निघतं, म्हणून बाहेरचं तेल स्वस्तात आलं की आपल्या सोयाबीनचा भाव दबतो. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं, रिफाइंडवरचं साडेबारावरून साडेबत्तीस. मे 2025 च्या शेवटी कच्च्या तेलावरचं पुन्हा 10 वर आलं. मधल्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता आणि यार्डात कितीतरी दिवस माल त्याच्या खालीच विकला गेला. नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान तोंडावर असताना हमीभाव खरेदीतली ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांवर नेली. चांगलंच झालं; फक्त तोवर निकड असलेल्यानं माल कधीच विकला होता. कापसाचं म्हणाल, तर 11 टक्के आयात शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये उठलं, म्हणजे आपल्याकडं बोंडं फुटायच्या आधी.

सीमाशुल्क हा केंद्राचा विषय. आमदाराला विचारून उपयोग नाही, सरपंचाला तर नाहीच. मग खासदार व्हायला निघालेल्याला नको का विचारायला?

उमेदवाराच्या शपथपत्रात सगळं असतं. सोनं किती तोळे, कर्ज किती, गुन्हे किती, शिक्षण कुठवर. कोर्टानं सांगितलं म्हणून 2003 पासून हे सगळं आपल्याला बघायला मिळतं. भूमिकेचा रकाना मात्र त्यात नाही. तो मी वहीत आखला.

उत्तरं म्हणाल तर बहुतेक पानांवर एकच वाक्य आहे: "शेतकऱ्याला भाव मिळालाच पाहिजे." याला विरोध करणारा उमेदवार मला अजून भेटायचा आहे. रेल्वेवरही सगळे एकमत, त्यामुळं तिथं मी शाई घालवत नाही. नगर-बीड-परळी मार्ग 1995 साली मंजूर झाला आणि बीड-नगर गाडी सुरू झाली 17 सप्टेंबर 2025 ला. तीस वर्षांत पाठिंबा नाही असं कुणीच म्हणालं नव्हतं. आरक्षणाचं विचारलं की "आमचा पाठिंबा आहे" हे लगेच येतं. पण 50 टक्क्यांची मर्यादा 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली. ती हलवायची तर घटनादुरुस्ती, म्हणजे संसद. तिथं उभं राहून काय बोलणार, असं विचारलं की उमेदवाराला फोन येतो.

एक जण मात्र वेगळा निघाला. वर्ष, पक्ष, मतदारसंघ सांगणार नाही. यार्डात हमालांच्या शेडखाली आला होता. मी विचारलं, कार्यकर्ते हसले. तो टेकला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, खरं सांगू? शुल्क वाढवलं तर शहरात तेल महागतं. आमचा पक्ष ते फार दिवस टिकू देणार नाही. अन् व्हिप निघाल्यावर मला हात वर करावाच लागंल."

बरोबर बोलला. 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. तिथंच आमचे लोक मला कोंडीत पकडतात: मग भूमिका विचारून करता काय? माझं म्हणणं एवढंच, की व्हिप मतदानाला असतो. प्रश्न विचारायला नसतो, शून्य प्रहरात बोलायला नसतो, स्थायी समितीत बसायला नसतो. म्हणून त्याला पुढचं विचारलं, कृषी समिती मागून घेणार का? तो म्हणाला, "हे मला कुणी विचारलंच नव्हतं." खासदारानं विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर दिसतात, नातू मोबाईलवर काढून देतो. त्याचे मात्र बघायची वेळ आली नाही. तो पडला. माझं मत त्याला होतं का, हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

घरचं निघालंच आहे तर तेही सांगतो. आमच्याकडं पूर्वी घरच्या करडईचं तेल घाण्यावरून यायचं. करडईचं रान सोयाबीननं खाल्लं आणि स्वयंपाकघरात पंधरा किलोचा डबा आला. 2024 च्या दिवाळीआधी तो डबा महागला. मी वही उघडून बसलो होतो, शुल्क वाढलं ते एकदाचं बरं झालं म्हणून. ही चकलीचं पीठ मळता मळता म्हणाली, "अहो, तुमच्या त्या उमेदवारांना विचारा, डबा कितीला घ्यायचा ते." मी म्हटलं, भाव वाढला तर पोरांच्या सोयाबीनला मिळंल. ती म्हणाली, "आपलं सोयाबीन तर दसऱ्यालाच विकून टाकलं."

तो प्रश्न तेव्हाच वहीत लिहिलाय. पहिल्या पानावर, तिच्याच शब्दांत. पुढच्या खेपेला आधी तो विचारणार आहे.