येऊर री-फोटो: खडक सापडला, तोही कारवीमुळे

मंडळी, खडक सापडला! मामाच्या नोव्हेंबर १९८५ च्या फोटोतला, मधोमध चीर गेलेला, तोच. ठाण्याच्या येऊर डोंगरावरून त्याने काढलेला तो फोटो नेमक्या त्याच जागेवरून पुन्हा काढायचा, म्हणजे री-फोटो, त्यासाठी ही शोधाशोध.

उपवन तलाव दिसतोय, मागे ठाणं दिसतंय, क्षितिजावर मुंब्र्याचा डोंगर आहे, तरी जागा जुळत नव्हती. अडचण पॅरलॅक्सची. लेन्स कुठलीही लावा, आकार क्रॉप करून बसवता येतो. पण जवळची वस्तू लांबच्या वस्तूसमोर नेमकी कुठे येते, हे फक्त कॅमेऱ्याच्या जागेवर ठरतं. लांबच्या दोन खुणा माझ्याकडे होत्या: तलावाच्या काठाचा कोपरा आणि मुंब्र्याच्या डोंगरधारेतली खाच. खाच आता दोन टॉवरांच्या फटीतून डोकावते, पण दिसते. जवळची खूण मात्र एकही नव्हती.

याला पहिलं कारण स्कॅनिंग. मामाचा कॅमेरा आगफा क्लिक थ्री, म्हणजे १२० चा रोल आणि चौकोनी निगेटिव्ह. ज्या लॅबमध्ये स्कॅन केलं तिथे त्यांनी ते न विचारता आडव्या पोस्टकार्डात बसवलं आणि खालची पट्टी कापून टाकली. आता मित्राच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर पूर्ण चौकोन स्कॅन केला, तर त्या पट्टीत हा खडक! जुनी निगेटिव्ह असतील तर कडांसकट स्कॅन करून मागा, ही कळकळीची विनंती. क्लिक थ्रीची लेन्स एका भिंगाची, त्यामुळे कडा मऊ येतात, पण मऊ खडकसुद्धा खूण म्हणून पुरतो.

दुसरं कारण कारवी, आठ वर्षांतून एकदाच फुलणारं आणि फुलून झालं की मरणारं झुडूप. त्या उतारावर गेली काही वर्षं माणसाच्या डोक्यावरून जाणारी कारवी होती, आत हात घालायला जागा नाही. २०२४ मध्ये ती फुलली, बी धरलं आणि तिच्या स्वभावाप्रमाणे अख्खी वाळून गेली. यंदाच्या पावसात वाळक्या काठ्या आडव्या झाल्या, उतार मोकळा झाला आणि पायवाटेवरूनच चीर दिसली. मी तिथेच मोठ्याने ओरडलो.

आणि मग घरी हिशेब मांडला. २०२४ पासून आठ-आठ वर्षं मागे जा: २०१६, २००८, २०००, १९९२, १९८४. मामाचा फोटो १९८५ चा, म्हणजे बहराच्या पुढच्या वर्षाचा! फोटोतला उघडा उतार पाहून ‘तेव्हा जंगल किती विरळ होतं’ असं बरेच जण म्हणायचे. मला आता वाटतं, ती विरळ झाडी नव्हे, ती नुकतीच उगवलेली कारवी आहे. मोठं करून पाहिलं तर खडकाभोवतीचा गुडघाभर हिरवा थर आजच्यासारखाच आहे. हाच फोटो २०२२ च्या शेजारी ठेवला असता, तर जंगल प्रचंड वाढल्याचा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. कारवीच्या उतारावर फक्त जागा जुळवून भागत नाही, तिचं वयही जुळायला हवं.

उंचीचा घोळ राहिला होता. उभं राहून तलावाचा काठ खडकाच्या बराच वर येत होता. जुना फोटो स्क्रीनवर धूसर दाखवणारं ओव्हरलेचं अॅप मी सोडून दिलंय, उन्हात काही दिसत नाही. पारदर्शक शीटवर जुन्या फोटोच्या रेषा छापून ती कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चिकटवतो, त्याला तोड नाही. ट्रायपॉड खाली घेत गेलो आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर सगळं एकदम जागेवर आलं. मामाने बसून फोटो काढला होता! एवढं कळल्याचा आनंद शब्दांत मावत नाही.

फ्रेम अजून अंतिम नाही, मुंब्रा धुरकट आलाय. वारा सुटला की पुन्हा जाईन.

योजना मात्र बदलली. ‘तेव्हा आणि आता’ अशी जोडी करून थांबणार होतो. आता दर नोव्हेंबरला हीच फ्रेम, २०३२ च्या बहरात एक, आणि २०३३ चा नोव्हेंबर १९८५ च्या शेजारी. हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला, तिथे खडकावर रंगाची खूण करायची नाही आणि मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, म्हणून खुणांच्या जोड्या कागदावर काढून ठेवतोय.

लिहिता लिहिता सुचलं: ठाणे-बोरिवली जोडबोगदा, जोडरस्ते धरून ११.८ किलोमीटरचा, याच डोंगराखालून जाणार आहे. त्याच्या ठाण्याकडच्या तोंडावरचा उतार आत्ताच टिपायला हवा. मानपाडा बाजूचे जुने फोटो कुणाकडे असतील तर कळवा, शक्यतो तारखेसकट.