स्टिअरिंग चिकटतंय? 'नॉर्मल आहे' हे उत्तर घेऊन घरी येऊ नका

समृद्धीवर गाडी चालवणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे, खरं तर सगळ्यांनाच, पण समृद्धीवाल्यांना आधी. सरळ रस्त्यावर शंभरच्या वर गाडी असताना स्टिअरिंग मधल्या जागेवर किंचित चिकटल्यासारखं वाटतं का? म्हणजे थोडं डावीकडे घ्यायला गेलं की आधी हलतच नाही आणि मग एकदम पाहिजे त्यापेक्षा जास्त हलतं, असं? असेल तर ती गाडी दाखवा, लवकर दाखवा, आणि "नवीन गाडी आहे सर, थोडी टाइट राहते" हे ऐकून परत फिरू नका.

माझ्या आतेभावाच्या गाडीत हेच झालं. तो नागपूरजवळ हिंगण्याला राहतो, कामासाठी संभाजीनगरला जाणं-येणं असतं, शिवमडक्याहून समृद्धीला लागायचं की मग गाडी सरळच सरळ. गाडी वॉरंटीतली, पेंटला ओरखडा नाही, आणि हा म्हणे, "दादा, गाडी लाइनीत राहूनच नाही राहिली, सारखं सुधारत राहा लागते, जालन्यापर्यंत खांदे भरून येतात." गावात चालवली तर काही म्हणजे काही नाही, प्रतापनगर, लक्ष्मीनगर, सगळीकडे मख्खन. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी अलाइनमेंट केलं, टायरची हवा कमी केली, वर्धा रोडवर चाळीसच्या स्पीडनं एक चक्कर मारली आणि सांगितलं की सर हे नॉर्मल आहे, सगळ्याच गाड्यांत येते. मग मी स्वतः एकदा त्याच्यासोबत गेलो आणि मधे गाडी हातात घेतली, आणि खरं सांगतो, तासाभरानं ते जाणवायला लागलं तेव्हा माझ्या तळहाताला घाम आला.

आता हे गावात का जाणवत नाही ते समजून घ्या, कारण सगळं प्रकरण तिथंच आहे. जुन्या गाड्यांत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असायचं, इंजिनच्या बेल्टवर पंप फिरायचा, तेलाच्या प्रेशरनं मदत मिळायची, आणि बिघडायचं तेव्हा आधी तेल गळायचं, पंप ओरडायचा, सकाळी गाडीखाली डाग दिसायचा. आधी कळायचं. आता हॅचबॅकपासून एसयूव्हीपर्यंत बहुतेक सगळ्यांना इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे (सुझुकीनं १९८८ मध्ये जपानात सर्वो नावाच्या छोट्या गाडीत ते आणलं, म्हणजे टेक्नॉलॉजी काही कालची नाही). यात स्टिअरिंगच्या कॉलममध्ये एक बारीक सळई असते, आपण स्टिअरिंग फिरवलं की ती अगदी थोडीशी पिळली जाते, किती पिळली ते सेन्सर मोजतो, तो आकडा ईसीयूकडे, म्हणजे स्टिअरिंगच्या छोट्या कॉम्प्युटरकडे जातो, गाडीचा स्पीड पण तिथंच जातो, आणि मग ईसीयू मोटरला सांगतो की इतका जोर लाव. पार्किंगमध्ये जास्त जोर, हायवेवर कमी, म्हणजे स्पीडमध्ये स्टिअरिंग जरा भारी राहावं आणि गाडी स्थिर वाटावी. या मोटरच्या टोकाला वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा असतो आणि तो एक दातेरी चाक फिरवतो, वर्म व्हील म्हणतात त्याला, बऱ्याच गाड्यांत त्याचे दाते प्लास्टिकचे असतात म्हणजे आवाज कमी येतो.

गावात आपण स्टिअरिंग सतत मोठं मोठं फिरवत असतो आणि मोटर पण भरपूर जोर लावत असते, त्यामुळे आतमध्ये थोडं घर्षण वाढलं तरी हाताला कळत नाही. पण समृद्धीवर? तिथं तासन्‌तास स्टिअरिंग जवळपास एकाच जागी असतं आणि आपण करतो ते फक्त केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे. तेवढ्याच जागेत ते चिकटलं तर पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखं होतं, हळू लोटलं तर उघडत नाही आणि जोर लावला की धाडकन उघडतं. १२० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात तेहतीस मीटर जाते. बाजूला ट्रक असताना ते "धाडकन" किती महागात पडेल याचा विचार करा.

आणि हे फक्त माझ्या आतेभावाच्या मनाचे खेळ नाहीत. होंडानं ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत जवळपास १७ लाख गाड्या परत बोलावल्या त्या याच त्रासासाठी, २०२२ ते २०२५ च्या सिव्हिक, सीआर-व्ही, एचआर-व्ही वगैरे. त्या वर्षांची ही मॉडेल्स आपल्याकडच्या शोरूममध्ये नव्हती, त्यामुळे इथल्या होंडावाल्यांनी घाबरायचं कारण नाही, पण कारण वाचण्यासारखं आहे, तेच वर्म व्हील फुगत होतं, ग्रीस पुरत नव्हतं, घर्षण वाढत होतं. तिथल्या सरकारी सेफ्टी एजन्सीनं २०२३ मध्ये चौकशी सुरू केली ती सिव्हिक चालवणाऱ्या साध्या लोकांच्या तक्रारींवरून. लोकांनी लिहिलं म्हणून कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण चुकीच्या गोष्टीला घाबरतो. सगळ्यांना भीती असते "स्टिअरिंग लॉक होईल" याची. चालत्या गाडीत पूर्ण लॉक होणं फार क्वचित घडतं, कारण आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगपासून चाकापर्यंत अजूनही लोखंडी जोड आहे, मोटर मेली तरी चाकं वळतात, फक्त खूप ताकद लागते. घात होतो तो हाताला ज्या जोराची सवय आहे तो अचानक बदलल्यानं. चिकटून सुटलं तर आपण जास्त ओढतो. वळणात असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, गेलं तर आपण कमी ओढतो आणि गाडी सरळ जाते, दुभाजकाकडे किंवा दरीकडे. चिखलदऱ्याच्या घाटात हे झालं तर दुसरी संधी मिळेलच असं नाही.

असिस्ट का जातं? नागपूरकरांनी इथं नीट लक्ष द्या, कारण सर्वात साधं कारण आहे बॅटरी, आणि बॅटरीचा सगळ्यात मोठा दुश्मन आहे आपला मे महिना. हॅलोजनचे दोन्ही हेडलाइट मिळून साधारण नऊ अँपिअर घेतात, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ही मोटर क्षणभरासाठी पन्नास-साठ अँपिअर सुद्धा ओढू शकते. पारा ४५ च्या वर, बॉनेटखाली त्याहून जास्त, बॅटरी आतून खलास झालेली, वरून कोणीतरी मोठा हॉर्न आणि जास्तीचे लाइट मेन वायर कापून जोडलेले, टर्मिनलवर पांढरी बुरशी. व्होल्टेज पडलं की ईसीयू आधी स्टिअरिंगची मदत कमी करतो आणि डॅशबोर्डवर स्टिअरिंगचं चिन्ह लागतं, त्याच्या बाजूला उद्गारचिन्ह. पिवळं असेल तर हळूहळू दाखवायला न्या, लाल असेल तर गाडी बाजूला घ्या. बरेच लोक बंद करून चालू करतात, लाइट गेला की विसरतात. तो लाइट गेला तरी बिघाडाचा कोड ईसीयूत राहतो बहुतेक वेळा, स्कॅनर लावून बघता येतो, धंतोलीपासून कामठी रोडपर्यंत स्कॅनरवाला मेकॅनिक कुठंही मिळतो आता.

अरुंद गल्लीत उभ्या उभ्या गाडी वळवताना स्टिअरिंग पूर्ण टोकाला दाबून धरायची सवय पण सोडा, मोटर तापते आणि स्वतःला वाचवायला मदत कमी करते. थंड झाली की परत ठीक, आणि माणूस म्हणतो काही झालंच नव्हतं. मोठे टायर टाकणाऱ्यांचं पण तेच, दिसायला गाडी छान दिसते पण मोटरला ते जास्तीचं रबर रोज वळवायला लागतं.

चालता चालता असिस्ट जाण्याच्या कारणावरून जनरल मोटर्सनं २०१४ मध्ये अमेरिकेत सुमारे १३ लाख गाड्या बोलावल्या होत्या. त्याच वर्षी त्यांचं चावीच्या स्विचचं प्रकरण निघालं, जड जुडगा लटकला किंवा धक्का बसला की चावी आपोआप मागे सरकायची, इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि एअरबॅग पण उघडायची नाही. भरपाईच्या फंडात १२४ मृत्यू मान्य झाले. एकशे चोवीस माणसं. इलेक्ट्रिक गाड्या सुटल्या असंही नाही, टेस्लानं फेब्रुवारी २०२५ मध्ये पावणेचार लाखांच्या वर गाड्यांसाठी स्टिअरिंग असिस्टचा रिकॉल काढला. घराची, दुकानाची, लॉकरची सगळी चावी गाडीच्या चावीला लटकवणाऱ्या माझ्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच दिवशी जुडगा वेगळा केला.

गाडी चालू असताना असिस्ट गेलंच तर काय करायचं: दोन्ही हातांनी घट्ट धरा, एक्सिलेटर सोडा, हळू ब्रेक, इंडिकेटर, डाव्या बाजूला. आणि चावी काढायची नाही, कितीही घाबरलात तरी नाही, कारण चावी काढून स्टिअरिंग फिरलं की खटकन खरंखुरं लॉक बसतं. इंजिन बंद पडलं असेल तर ब्रेकमध्ये एक-दोन दाबांपुरता जोर शिल्लक असतो, पंप केल्यासारखं दाबू नका, एकदाच दाबून धरा.

आता बिनइलेक्ट्रॉनिक गोष्टी, टाय रॉड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारी दांडी), बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, हे सगळं तसंच आहे जसं पूर्वी होतं आणि आपल्या सिमेंट रोडच्या कडांनी त्याची वाट लागते, डांबरी गल्लीतून सिमेंट रोडवर चढताना ती जी पायरी लागते ना, रोज तिथं समोरचं चाक आपटतं. टाय रॉड तुटला तर मात्र ते चाक स्टिअरिंगचं ऐकतच नाही. मारुतीनं जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या टाय रॉडच्या पार्टसाठीच बोलावल्या होत्या, ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ मध्ये बनलेल्या. जुनी ईको घेत असाल तर हे काम झालंय का विचाराच.

लेन असिस्टबद्दल, म्हणजे रस्त्यावरचे पट्टे बघून गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या सोयीबद्दल, थोडंच. तीच मोटर, फक्त आता कॅमेरा सांगतो. जिथं काम चालू आहे आणि जुने पट्टे पुसलेले नाहीत तिथं ते बंद ठेवा, स्टिअरिंग हातात ओढल्यासारखं वाटतं आणि ज्याला माहीत नाही तो दचकून उलटं खेचतो. समोरची काच बदलली तर कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा लागतो, हे काच बसवणाऱ्याला ठासून विचारा.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, ही नागपूरचीच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात शिरली, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, किती गाड्या डॅशबोर्डपर्यंत पाण्यात होत्या ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. छोट्या गाड्यांत स्टिअरिंगची मोटर डॅशबोर्डच्या खाली असते, काही मोठ्या गाड्यांत खाली रॅकवरच. धुऊन, सीट बदलून गाडी चकाचक होते, पण कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी वर्षा-दोन वर्षांनी हिरवं होऊन बाहेर येतं. म्हणून सीटच्या रेलखालचा गंज बघा, सीट बेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा, कार्पेट उचलून वास घ्या, इन्शुरन्सची क्लेम हिस्टरी मागा. विकणारा कितीही ओळखीचा असला तरी मागा.

आतेभावाचं पुढं काय झालं? सर्व्हिस सेंटरला आम्ही सांगितलं की टेस्ट ड्राइव्ह समृद्धीवरच करायची, किमान तासभर, आणि तुमचा माणूस स्वतः चालवेल. आधी नाही नाही झालं, मग त्यांचा एक जुना टेक्निशियन तयार झाला. परत येताना तोच म्हणाला, "भाऊ, बरोबर बोलून राहिले तुम्ही, हे चिकटतेच." स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सची असेंब्ली वॉरंटीत बदलून मिळाली. त्याआधीच्या जॉब कार्डवर फक्त "जनरल चेकअप" लिहिलं होतं, म्हणजे तक्रार कागदावर नव्हतीच! त्यामुळे जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या, किती स्पीडला, किती वेळानं, कोणत्या बाजूला, आणि फोटो काढून ठेवा.

आपल्याकडे पण १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाडीत सेफ्टीचा दोष असेल तर मालकाला 'वाहन' या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते, ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त तक्रारी झाल्या की सरकार चौकशी लावून कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. पण तक्रारी मोजल्या जातात त्या टाकलेल्याच. आतेभावानं पार्ट बदलून मिळाल्यावर सुद्धा ती टाकली, आरसी आणि जॉब कार्ड समोर ठेवून बसला आणि चहा संपेपर्यंत काम झालं.